जग संपल्यानंतरची गाडी आणि काकीची बादली

शहाऐंशी साल असेल, नाहीतर सत्त्याऐंशी... खंडेनवमीची सकाळ, दिघ्यातलं बाळाराम मिस्त्रींचं गॅरेज. मी सायकल भिंतीला टेकवली आणि जागीच थिजलो. काकी, म्हणजे मिस्त्रींची बायको, माझी गाडी गरम पाण्याच्या बादलीत बुडवून ब्रशने खसाखसा घासत होती!

माझी गाडी म्हणजे वीतभर लांबीचं मॉडेल हो. खरी गाडी घ्यायचं म्हटलं तर... जाऊ दे, तो विषय वेगळा.

तेव्हा मी एकोणीस-वीसचा. नववीतून शाळा सोडलेली, तीन नोकऱ्या धरून सोडलेल्या, ऐरोलीला ताईकडे पडून असायचो. दिवसभर सायकलवर भटकायचं. खाडीत रुतलेली होडी दिसली की तिथे थांब, कुठे नव्या बिल्डिंगचा पाया खणताना दिसला की तिथे थांब... बाळाराम मिस्त्रींकडेही मी कामाला नव्हतो, नुसता बसायचो.

असंच भटकताना वाशीला सामंत सरांचं ऑफिस सापडलं. ते बिल्डरांसाठी नव्या कॉलन्यांची मॉडेलं बनवायचे. काडेपेटीएवढ्या इमारती, स्पंजची झाडं, झाडाखाली बाकसुद्धा... मी काचेला नाक लावून तासभर उभा. शेवटी त्यांनीच आत बोलावलं.

त्यांना माणूस हवा होता, पण एक अट होती. "स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू घेऊन ये. पूर्ण केलेली. अर्धवट असेल तर जिना चढू नकोस." दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत मुदत. आयुष्यात पहिल्यांदा एखादी नोकरी मला खरोखर हवी होती, आणि पूर्ण केलेली एकही वस्तू माझ्याकडे नव्हती.

तेव्हा पेपरात सारखं अणुबॉम्बचं यायचं. मनात आलं, समजा सगळं जग संपलं आणि एकच गाडी चालू राहिली... ती कशी दिसेल? मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बॉडी केली. काचांच्या जागी मच्छरदाणीची जाळी, टपावर पाण्याचे कॅन म्हणून औषधाच्या बाटल्यांची बुचं. स्टेपन्या दोन, कारण पंक्चर काढायला कोण उरलंय!

सगळं जमलं, पण गाडी वाटत होती कालच शोरूममधून निघालेली. मला गंज हवा होता, खराखुरा. खाडीच्या वाऱ्याने स्कूटरी कशा सडतात ते रोज बघत होतो, म्हणून मिठागरातून मूठभर खडेमीठ आणलं. गॅरेजमध्ये प्रत्येक पत्र्याला आधी तांबडा रेड ऑक्साइड मारतात, तसा मीही मारला. तो वाळल्यावर वर पाणी लावलं, मीठ भुरभुरवलं आणि आठ दिवस गंजाची वाट बघत बसलो.

नवव्या दिवशी मिस्त्रींनी विचारलं, हे काय चाललंय? सांगितलं. ते पान्हा खाली ठेवून हसायला लागले. "अरे येड्या, गंज धरू नये म्हनून तर रेड ऑक्साइड मारतान! छत्री उघरून भिजाला बसलास तू!"

मला इतका राग आला की कोणाच्यातरी टेम्पोचा उरलेला निळा रंग स्प्रे-गनमध्ये भरला आणि वाळलेल्या मिठासकट सगळ्यावर मारून टाकला. गाडी कांजिण्या आल्यासारखी दिसायला लागली. गॅरेजमधल्या बाकाखाली ढकलून दिली. झाली चौथी नोकरी... धरायच्या आधीच सुटली.

आणि दुसऱ्या दिवशी ती बादली.

"काकी, काय केलंत हे!"

"काय केला? आज सगल्या गाऱ्यांना आंगोल हाय. कवरी घान करून ठेवलेली तू! हिनीच काय पाप केलाय?"

मी गाडी हिसकावूनच घेतली. आणि बघतो तर... जिथे जिथे मिठाचा खडा होता तिथला निळा रंग पाण्याबरोबर निघून गेला होता आणि खालून तांबडं डोकावत होतं. कडेला बारीक, बॉनेटवर मोठं, दारावर ओघळल्यासारखं. वीस वर्षं उन्हात उभी असलेली गाडी! मी ती उन्हात धरून नुसता फिरवत राहिलो. काकीने तेवढ्यात बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं, म्हणाली, "आता कशी मानसात आली."

पुढचं मात्र मी केलं. सांध्यांमध्ये जळकं ऑइल पुसलं, खाडीचा चिखल वाळवून, फडक्यातून गाळून चाकांवर उडवला. कुंकू पुसायचा धीर झाला नाही.

सोमवारी सामंत सरांनी गाडी भिंगाखाली धरली. "जग संपलंय ना? मग कुंकू कोणी लावलं?"

"कोणीतरी उरलं असेल, सर. गाडी धुणारं."

मग त्यांनी विचारलं, हा रंग असा उडवलास कसा. थाप मारता आली असती. पण तोंडातून सगळंच बाहेर पडलं... मीठ, छत्री, बादली. सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग एकदम गंभीर झाले. "चुकून झालं ते झालं. आता मुद्दाम करून दाखव."

पत्र्याचा तुकडा आणि तांबडा-निळा रंग दिला. मीठ मी खालच्या हॉटेलातून मागून आणलं. संध्याकाळी रंग वाळला, ओला ब्रश फिरवला... आणि तांबडं वर आलं. सर म्हणाले, "उद्या नऊला ये."

मी साडेआठला जिन्यात हजर होतो. ती नोकरी मी अकरा वर्षं सोडली नाही.

काकी आता नाहीत. मी पुरी केलेली पहिली वस्तू खरं तर त्यांच्या हातून पुरी झाली, आणि हे त्यांना नीट सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं... म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर.