जाब देणारे तेंडोलकर साहेब

श्री. श्रीपादराव तेंडोलकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गौरवग्रंथात असं लिहिणं शोभतं की नाही ते संपादक मंडळाने ठरवावं. पावणे गावातल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो आणि दुसऱ्याच दिवशी स्टोअरच्या खिडकीशी वेल्डिंगचे रॉड मागायला गेलो. आत साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते.

"जुने तुकडे आणलेत?"

"कसले तुकडे?"

"रॉड जळून उरतात ते. जेवढे तुकडे परत, तेवढे नवे रॉड."

"साहेब, मी कालच लागलोय. जुने कुठून आणू?"

त्यांनी जरा विचार केला. "बरं, आज पाच घ्या. उद्या पाच तुकडे."

दुसऱ्या दिवशी मी चार नेले. पाचवा कुठे पडला देव जाणे. साहेबांनी नवे चारच दिले. मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण संध्याकाळी भोंगा झाल्यावर ते स्वतः आमच्या शेडमध्ये आले, लेथखाली वाकून काठीने शोधलं, पाचवा तुकडा काढला आणि माझ्या हातात एक नवा रॉड ठेवला. "चला, तुमचं माझं जुळलं," एवढंच बोलले. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, हा माणूस एक तर वेडा आहे नाही तर फार सरळ आहे. तिचं म्हणणं, दोन्ही असेल.

साहेब मूळचे सावंतवाडीकडचे. मुंबईत शिकताना ते बास्केटबॉल खेळले होते आणि त्या खेळाने त्यांना कधी सोडलं नाही. आमच्या पट्ट्यात तेव्हा कबड्डी नाही तर क्रिकेट. चेंडू आपटत पळायचं आणि वर जाळीत टाकायचा हा प्रकार आम्हाला नवाच होता. कारखान्यामागची रिकामी जागा साहेबांनी मोठ्या साहेबांकडून मागून घेतली आणि कामगारांतून संघ उभा केला. कंपनीने त्यांना 'संघ व्यवस्थापक' असं नाव दिलं, आम्ही त्यांना मॅनेजर म्हणायचो. खेळाडू निवडणं, सामने ठरवणं, बूट आणणं, टेम्पोत बसवून सगळ्यांना रबाळ्याला, ठाण्याला खेळायला नेणं, सगळं तेच बघत. सौ. तेंडोलकर वहिनी प्रत्येक सामन्याला कोकम सरबताची कळशी भरून पाठवत. संघ हरला तरी सरबत तेवढंच गोड असायचं. हे मुद्दाम लिहितो, कारण आम्ही बघे लोक तसे नव्हतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या मैदानावरचे दोन खांब, ज्यांवर रिंग बसवल्या, ते मी पुरले. कारखाना तेव्हा नुकता सुरू झाला होता. रोजंदारीवर आलेली दोन माणसं मदतीला होती, ती पुढे निघून गेली. मी तीन फुटांचे खड्डे घेतले. आमचे वॉचमन हिराजी म्हात्रे, पावणे गावातलेच, त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती, ते बाजूला बसून बघत होते.

"फिटर, आजून खनाला लाव," ते म्हणाले. "ही वरची माती ट्रकनी आनलेली हाय. खाली खारी चिखोल हाय. तो खांब गिलून टाकील."

"हिराजीदादा, साताऱ्याला मी विहिरीवर रहाट उभे केलेत."

"सातारा तितं ऱ्हाला. हितं खाली समिंदर निजलाय."

मी हसलो, सिमेंट ओतलं आणि मोकळा झालो.

दोन पावसाळे गेले. दर दिवाळीला आम्ही मैदानावर मुरूम टाकून ते सपाट करत होतो. संघ चांगला तयार झाला. आमच्या मैदानावर कोणी आम्हाला हरवू शकत नव्हतं. बाहेरचे संघ जाताना म्हणत, तुमची रिंग जरा बुटकी वाटते. आम्ही टाळ्या पिटून हसायचो, हरलेला माणूस दुसरं काय बोलणार. पण आमचे हेच खेळाडू बाहेर गेले की चेंडू रिंगच्या कडेवर आपटून परत यायचा. एक सामना, दोन सामने, मग सगळेच. ठाण्याला उपांत्य सामना असा गेला की बघवेना. शेजारच्या कारखान्यातले लोक चहाच्या टपरीवर आम्हाला घरकोंबडे म्हणू लागले.

बघ्यांचा राग कुठे जाणार? मॅनेजरवर. कोणी म्हणालं, साहेब आपल्या कोकणातलेच खेळाडू घेतात. कोणी म्हणालं, स्टोअरमध्ये बसून खेळ कळत नाही. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मीच कागद केला, 'मॅनेजर बदला' म्हणून, वर तेंडोलकर साहेबांचं नाव, खाली पहिली सही माझी. साठेक सह्या जमल्या. एक गोष्ट आम्हाला पक्की ठाऊक होती. मोठ्या साहेबांना त्या जागेवर लाकडी खोकी रचायची होती आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं, खेळावरून कामगारांत तंटा झाला तर मैदान बंद. म्हणजे तो कागद वर गेला असता तर मॅनेजरही गेले असते आणि मैदानही. पण डोकं तापलं की माणसाला आपल्याच पायाखालचं दिसत नाही.

सोमवारी सकाळी मी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'आज पाच वाजता मैदानावर मॅनेजर जाब देतील.' मला लिहायचं होतं 'जवाब'. चौथीत शाळा सुटलेली, 'व' राहून गेला.

पाच वाजता सगळे जमले. साहेब आले ते एका हातात पोलादी टेप आणि दुसऱ्या हातात लांब बांबू घेऊन.

मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, मारायला आणलाय का आम्हाला?"

"आधी तुमचं होऊ द्या," साहेब म्हणाले. "बोलून घ्या सगळं. मी थांबतो."

ते खरंच थांबले. चांगला अर्धा तास लोक बोलले. चार कोकणातले आणि एक घाटावरचा हा कुठला न्याय, अशी सुरुवात होऊन गोष्ट पार त्यांच्या चष्म्यापर्यंत गेली. साहेबांनी मान खाली घातली नाही आणि कोणाला मध्ये तोडलंही नाही. सगळे थकल्यावर त्यांनी हिराजीदादांना बांबू खांबाला लावून धरायला सांगितलं. बांबूवर वरच्या टोकाला तांबड्या रंगाची खूण होती.

"मागच्या रविवारी सामना झाल्यावर ठाण्याच्या रिंगची उंची मी या बांबूवर उतरवून आणली," ते म्हणाले. "आता आपली बघा."

खूण आमच्या रिंगच्या वर गेली. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटांहून जास्त.

"खांब खचलेत आणि मुरुमाने जमीन वर आलीय. आपले खेळाडू बुटक्या रिंगवर शिकले. बाहेर गेले की त्यांचा हात इथल्याच उंचीला टाकतो. सहा महिने तुम्ही त्यांना शिव्या घातल्यात, त्या माझ्या आहेत. मैदानाची उंची बघणं मॅनेजरचं काम. बाहेरचे संघ सांगत होते, तेव्हाही मी मोजली नाही. रॉडचे तुकडे मोजत बसलो."

मग एकाने विचारलं, "पण खांब पुरले कोणी?"

हिराजीदादांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"हिराजी, बांबू सरळ धरा," साहेब म्हणाले. मग लोकांकडे वळून, "पुरायला मी सांगितलं, पुरल्यावर मीच ठीक म्हणालो. नाव एकच आहे, ते तुमच्या कागदावर वर लिहिलेलं आहे. जाधव, द्या तो कागद."

मी दिला. त्यांनी चष्मा खाली ओढून एकेक सही वाचली, अगदी अंगठ्यांखालची नावंसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाले, "एवढ्या माणसांना या खेळाचं पडलंय, हे मला माहीत नव्हतं. रविवारी सकाळी आठ वाजता खांब उपटून पुन्हा पुरायचे आहेत. ज्यांनी सही केली त्यांनी यावं. ज्यांनी केली नाही त्यांच्यावर माझा काही हक्क नाही."

पहिल्यांदा हसले ते हिराजीदादा. मग सगळे. रविवारी साहेब तो कागद घेऊन फाटकात उभे होते, येईल त्याच्या नावापुढे खूण करत. मॅनेजर काढायचा कागद खड्डे खणणाऱ्यांची हजेरी झाला. या वेळी खोली हिराजीदादांनी ठरवली. मी पहार घेऊन सगळ्यात खाली उतरलो होतो आणि वर मान करून बघायची माझी हिंमत नव्हती.

त्याआधीच, मंगळवारी, मी स्टोअरच्या खिडकीशी गेलो होतो.

"साहेब, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्हाला फळ्यावर काय लिहायचं होतं? जाब की जवाब?"

"जवाब. 'व' राहिला."

"राहिला ते बरं झालं. जवाब तोंडाने देता येतो. जाब ज्याचं काम त्याने द्यायचा. माझा मी दिला. तुमचा तुमच्याजवळ आहे, मी तो कसा देणार?"

"आणि मी नाही दिला तर?"

"तर रॉड घ्या आणि कामाला लागा. तुकडे आणलेत?"

हा माणूस असा आहे.

खांब सरळ झाले म्हणून आम्ही चषक आणले असं कोणाला वाटेल, तर तसं झालं नाही. उलट पुढचे काही महिने आम्ही घरच्या मैदानावरही हरलो, कारण हाताची सवय मोडायला वेळ लागतो. बघे पुन्हा चिडले. पण आता सोमवार ठरला होता. दर सामन्यानंतरच्या सोमवारी पाच वाजता साहेब मैदानावर यायचे, जिंकलो तरी आणि हरलो तरी. कोणी विचारायला नसलं तर दहा मिनिटं बांबूला टेकून उभे राहायचे आणि घरी जायचे. खेळाडूचं नाव घेऊन कोणी ओरडला की ते ऐकून घेत नसत. "त्याला मी उतरवला. मला विचारा." आणि पुढच्या सामन्यात अमक्याला घ्या म्हटलं की सांगत, "विचारण्याचा हक्क तुमचा, निवडण्याचा माझा. दोन्ही एका हातात दिले तर संघ राहणार नाही."

मॅनेजरने बघ्यांपुढे उभं राहावं का, यावर आमच्यात अजून वाद होतात. शेजारच्या कारखान्याचे मॅनेजर म्हणत, आज ऐकलंत तर उद्या डोक्यावर बसतील. त्यांचंही अगदी चूक नाही. आमच्यातले काही बसलेच. मी एकदा साहेबांना हे विचारलं. ते म्हणाले, "जाधव, हा बघणारा माणूस आठवड्याची एक सुट्टी उन्हात उभा राहून घालवतो. त्याला खेळता येत नाही, निवडता येत नाही. विचारणं तेवढं येतं. तेही काढून घेतलं तर तो घरी जाईल, आणि रिकाम्या मैदानावर खोकीच रचली जातील." मला वाटतं, त्यांनी मैदान राखलं ते असं. मोठ्या साहेबांनी नंतर जागेचा विषय काढला नाही. तंटा दिसायला हवा ना, इथे तर सगळे रांगेत उभे राहून प्रश्न विचारत होते.

साहेबांचे माझ्यावर उपकार अनेक आहेत, एकच लिहितो. फळ्याच्या त्या चुकीनंतर त्यांनी दर सामन्याची हकीकत फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी आधी कागदावर लिहायचो, ते पेन्सिलीने चुका दाखवायचे. कधी हसले नाहीत. 'व' मात्र प्रत्येक वेळी मोठा काढायला लावायचे. चौथीतल्या मास्तरांनी सोडलेलं त्यांनी स्टोअरच्या खिडकीत पुरं केलं. हा लेख मी लिहू शकतो आहे तो त्यामुळे, आणि यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका माझ्या आहेत, त्यांच्या नाहीत.

त्यांचे दोषही लिहायला हवेत, नाही तर ते स्वतःच पेन्सिल घेऊन बसतील. हट्टी आहेत. चिठ्ठीशिवाय पाना देत नाहीत, मग मशीन बंद पडो. पाहुणे म्हणून घरी आलेल्या माणसालाही दारावर उभं करून विचारतील, उंबरा सरळ वाटतो का.

त्या सोमवारी एकाने विचारलं होतं, खांब पुरले कोणी; तेव्हा तिथे असलेले बरेच जण या ग्रंथाचे वाचक आहेत. काही आता वाशीत राहतात, काही गावी गेले. हिराजीदादा गेल्या वर्षी वारले, जाईपर्यंत बोलले नाहीत. साहेबही बोलले नाहीत. एवढी वर्षं मी फळ्यावर प्रत्येक सामना लिहिला, ही एक ओळ लिहिली नाही. ती आज लिहितो. खांब मी पुरले होते. खोल खणा असं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. तुमच्या शिव्या साहेबांनी घेतल्या, त्या माझ्या होत्या. येत्या सोमवारी पाच वाजता मी मैदानावर आहे; ज्याला विचारायचं असेल त्याने यावं.

साहेबांना साठ वर्षं पुरी झाली. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, म्हणून आशीर्वाद देण्याचा हक्क वापरतो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, वहिनींच्या सरबताची चव त्यांच्या जिभेवर टिको, आणि शंभरी गाठताना कोणी बांबू लावून मोजलं तरी ते तसूभरही खाली आलेले दिसू नयेत. याची मला फारशी काळजी नाही. त्यांचा पाया मी घातलेला नाही.