ओटीवरची आगगाडी

आमच्या आळीतले ते गृहस्थ बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. पन्नाशी उलटली होती. बोलणं मोजकं, कुणी टोकलंच तर शांतपणे विचारायचे, "मग, तुमचं म्हणणं काय?"

रत्नागिरीत तेव्हा रेल्वे नव्हती, मुंबईला जायचं तर बोट. हे मात्र रोज संध्याकाळी मागच्या पडवीत बसून रॉकेलच्या डब्याच्या पत्र्यातून आगगाडी घडवायचे. इंजिनात जुन्या गजराच्या घड्याळाची चावी बसवलेली होती आणि बोगदा चिऱ्यात कोरलेला. मीही मनातून हसायचो.

एकदा मुंबईहून त्यांचे थोरले बंधू आले. माझ्यादेखतच म्हणाले, "नातवंडं खेळवायचं वय तुझं. लोक हसतात. निदान चारचौघांत दिसू देऊ नकोस हे."

"मग, तुमचं म्हणणं काय, दादा?"

दादा आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी यांनी रजा टाकली आणि सगळे रूळ उचलून पुढच्या ओटीवर, थेट रस्त्यासमोर मांडले. संध्याकाळपर्यंत शाळेतली पोरं जमली, बंदरावरचे दोन खलाशी आले आणि समोरच्या ऐंशीच्या काकू काठी टेकत आल्या. काकूंनी जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. "चावी मी देत्ये," म्हणाल्या आणि दिलीही.

दादा ओटीवरच्या खुर्चीत तोंड फिरवून बसले होते. गाडी बोगद्यातून बाहेर पडली तसे हे म्हणाले, "दादा, पाय काढा. तुम्ही रुळावर आहात."

दादांनी मुकाट्याने दोन्ही पाय वर घेतले.