थांबा, उंची घेतेय

उलटीताईंना हे नाव कसं पडलं ते सगळ्या फ्लाइंग क्लबाला ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं काहीएक वाटत नाही हेही. कसरतीच्या पहिल्याच धड्याला त्यांना विमानात उलटी झाली. पिशवी सापडेना, तेव्हा बाईंनी शेजारी बसलेल्या शिक्षकांच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि तिच्यात मोकळ्या झाल्या. शिक्षक बिचारे काही बोलायच्या आत यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हं, आता परत एकदा करा." पुढे विमान उलटं करण्यात त्यांचा हात धरणारं क्लबात कुणी उरलं नाही, तेव्हा तेच नाव दुसऱ्या अर्थानंही लागू पडलं. नव्या माणसाला कुठला अर्थ धरावा ते कळायचं नाही. त्या म्हणायच्या, "दोन्ही धरा, माझी हरकत नाही."

आठवडाभर बाई मोटार चालवायला शिकवायच्या. नाक्यावर त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. खोली एवढीशी की फळा लावला तर खुर्ची बाहेर काढावी लागे. शिकवायची गाडीही तशीच, चेपलेली, शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक असलेली. त्या गाडीत बसून बसून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस घाबरला की काहीतरी घट्ट धरतो, आणि चिडला की काहीतरी जोरात ओढतो. दोन्ही वेळेला गाडी फुटपाथवर जाते.

रविवारी मात्र बाई जमिनीवर सापडायच्या नाहीत. क्लबाचं जुनं शिकाऊ विमान त्यांच्याच हातात असायचं, आणि पोरांना कसरती त्याच शिकवायच्या. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढी जागा, त्यातलं एक जाड असेल तर दुसऱ्यानं श्वास बेतानं घ्यायचा. इंजिन म्हणे शंभर घोड्यांचं. त्यातले दहा-बारा म्हातारपणानं वारले असावेत. उलटं केलं की इंजिनला पेट्रोल पोचायचं नाही आणि ते खोकून गप्प व्हायचं. सरळ केलं की पुन्हा कुरकुरत कामाला लागायचं. पहिल्यांदा बसलेला माणूस त्या शांततेत देवाला हाका मारायचा. ताई म्हणायच्या, "ओरडू नका, त्याला ऐकू येत नाही. नाक खाली घ्या, येईल ताळ्यावर."

आता लोकांना वाटतं, कसरती म्हणजे ताकदीचं काम. कसलं डोंबलाचं! ताकद असली की अक्कल कमी लागते, एवढाच त्याचा उपयोग. या विमानाकडे ताकद नव्हती, म्हणून सगळा व्यवहार उंचीवर चालायचा. आधी नाक खाली घालून सूर मारायचा, वेग कमवायचा, त्या वेगावर वर चढून लूप मारायचा, म्हणजे आभाळात उभा गोल काढायचा. बाहेर पडता तेव्हा सुरुवातीपेक्षा थोडे खाली असता. पुढच्या कसरतीत आणखी थोडे. हलक्या हातानं केलं तर थोडकं जातं, धसमुसळेपणा केला तर भसाभस जातं. आणि पंधराशे फुटांची रेषा आली की संपलं. तिच्या वर चूक झाली तर सावरायला जागा असते. खाली असते ती फक्त जमीन. तिथं पोचलात की पंख तीनदा हलवायचे. याचा अर्थ, थांबा, उंची घेतेय. मग रांगत रांगत वर जायचं आणि उरलेलं पुरं करायचं. यात लाज कसली? धाप लागली की माणूसही जिन्यात थांबतो.

पण क्लबात तीनशे घोड्यांचं नवं विमान आलं आणि अध्यक्षांना लाज वाटायला लागली.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी त्याच जुन्या विमानात शिकलेला. पण नव्या विमानाचं नाक आभाळाकडे केलं की ते नुसतं वर जात राहायचं, आणि एकदा तसं वर गेल्यावर डॉक्टरांना जुनं बघवेना. बैठकीत त्यांनी ठराव मांडला. जुन्या विमानात कसरती बंद. ते दारातल्या हिरवळीवर खांबावर चढवू, शोभा येईल.

"शोभा?" ताई म्हणाल्या. "मग मलाही चढवा शेजारी. मीही जुनीच आहे."

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. "ताई, हसण्यावारी नेऊ नका. माझी पोरगी तुमच्याकडे शिकते. ती त्या खटाऱ्यात उलटी लटकलेली असते, इंजिन बंद पडलेलं असतं, आणि मी खाली पेशंटचा जबडा उघडून बसलेला असतो. माझे हात थरथरतात. नव्या विमानात काही चुकलं तर निदान इंजिन तरी ओढून वर काढेल."

खरं सांगायचं तर या बोलण्यानं ताई जरा विरघळल्या होत्या. बापाचं काळीज, त्याला काय बोलणार? पण डॉक्टरांनी पुढचं वाक्य बोलायला नको होतं. ते म्हणाले, "जे विमान मध्येच दम खायला थांबतं, त्यात कसरती शिकवणं हे शिक्षण नव्हे. ही तुमची हौस आहे, आणि पोरं त्यात भरडली जातायत."

हौस! ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. टोपीत उलटी केल्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते एका शब्दात रिकाम्या वेळच्या विणकामात जाऊन बसलं. "काय करून दाखवू म्हणजे हौस नाही म्हणाल?"

"पाच कसरती. क्लबाच्या मेळाव्याच्या दिवशी सगळ्यांसमोर. एका दमात, पंख न हलवता, पंधराशेच्या वर. जमलं तर विमान तुमच्याकडे राहील."

"जमवते," ताई म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

गाडीत त्यांचे यजमान वाट बघत होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात जन्म गेलेला, शांत माणूस. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "अगं, पण आजवर कधी पाच एका दमात झाल्यात का तुझ्या?"

"चार झाल्यात."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"अहो, आता तुम्ही नका सुरू होऊ. गाडी चालवा."

मेळाव्याच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तापलेली हवा पातळ होते, आणि पातळ हवेत आमचे उरलेले घोडेही पाय ओढायला लागतात. ताई वर चढत राहिल्या. खाली नवं विमान आपलं काम आटोपून, धूर सोडून, टाळ्या घेऊन उतरलंही, तरी या अजून चढतच होत्या. शेवटी विमान आणखी वर जाईना, तेव्हा त्यांनी नाक खाली घातलं.

पहिला लूप लोण्यासारखा झाला. दुसरी कसरत रोल, म्हणजे आडवी गिरकी; इंजिन खोकलं, गप्प झालं, परत आलं. उंची होती. हिशेब बरोबर चालला होता, आणि क्षणभर ताईंना वाटलं, होतंय की! तिसऱ्या कसरतीत विमान सरळ उभं वर न्यायचं, वेग मरता मरता एका पंखावर वळवायचं आणि आल्या वाटेनं खाली यायचं. वर गेलं, वळलं, खाली आलं. खाली येताना समोर क्लबाची हिरवळ दिसली. हिरवळीच्या मधोमध एक नवा कोरा पांढरा खांब उभा होता.

निकाल लागायच्या आधीच खांब रोवून मोकळे!

ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्यांनी विमानाचं नाक उचलायची दांडी ओढली. ओढली म्हणजे खसकन ओढली. जे करू नका म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडायच्या, तेच केलं. विमान थरथरलं आणि कमावलेला वेग सगळा तिथंच सांडला. "गाढव," ताई मोठ्यानं म्हणाल्या. विमानाला नव्हे.

चौथी कसरत त्या वेगावर कशीबशी झाली. बाहेर पडल्या तेव्हा उंचीचा काटा पंधराशेवर टेकलेला होता, आणि पाचवी कसरत, पुन्हा एक लूप, बाकी होती.

आता ऐका. त्या काट्याकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं. खाली जे परीक्षक होते ते नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधणार. दोनशे फूट इकडेतिकडे झाले तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. ताईंचा हात एवढा बसलेला होता की लूप निभावलाही असता, बहुधा. पाच कसरती एका दमात, विमान आपलं, डॉक्टर गप्प. मोह झाला. झाला नाही म्हणेल तो खोटं बोलेल. पण त्या 'बहुधा'शी त्यांचं जुनं वैर होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर कान धरून ताईंनी त्याला विमानाबाहेर काढलं असतं.

त्यांनी पंख हलवले. एकदा, दोनदा, तीनदा. चांगले ऐसपैस, मागच्या रांगेलाही दिसतील असे.

मग ते चढणं! माणसं मान वर करून बघत होती, मग मान दुखली म्हणून खाली बघायला लागली. कुणी पाणी प्यायला गेलं. कुणी विचारलं, संपलं का? कर्ण्यावर बोलणाऱ्याकडचे विनोद संपले. परीक्षकांना उठता येईना, कारण पाचवी बाकी होती. एवढी सगळी मोठी माणसं उन्हात एका खटाऱ्यासाठी खोळंबून राहिली, आणि खटारा वर आपल्याच चालीनं गुरगुरत राहिला. ताईंनी घाई केली नाही. घाई करण्याएवढे घोडेच नव्हते, आणि असते तरी केली नसती.

वर पोचल्यावर त्यांनी सूर मारला आणि उरलेला लूप घातला. गोल, हलका, कुठेही न ओढलेला.

उतरल्या तेव्हा डॉक्टर त्यांच्यासाठी पुढे आले होते. त्यांच्या मागे त्यांची लेक उभी होती, तिच्यामागे बाकीची पोरं, आणि मग सगळा मेळावा.

"छान झालं, ताई," डॉक्टर म्हणाले. "पण एका दमात ठरलं होतं."

"ठरलं होतं. नाही जमलं." ताईंनी हातमोजे काढले. "तो तुमचा खांब बघून माझं डोकं फिरलं आणि मी दांडी ओढली. चूक माझी. विमानाची नाही."

"मग ठराव..."

"ठरावाचं बघू. आधी मला एक सांगा, डॉक्टर. मी रेषेखाली जाऊन पाचवी मारली असती तर तुम्हाला कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"टाळ्या वाजवल्या असत्यात. आता ही तुमची पोरगी. काही दिवसांत एकटी वर जाईल, ह्या विमानात जाईल नाहीतर त्या. कुठल्याही विमानात माणसाची उंची एक दिवस कमी पडतेच. आणि खाली तुम्ही असाल, मी असेन, असेच सगळे माना वर करून उभे असतील. तेव्हा हिनं काय करायचं? आपल्याला शोभेल म्हणून खाली यायचं, की पंख हलवून वर जायचं?"

पोरगी बापाकडे बघत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. ते पुटपुटले, "वर जायचं."

"मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू नाही गेलं."

"ताई, पुरे आता."

"नाही पुरे. मागं माझी पोरं उभी आहेत."

डॉक्टर मागे वळले. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वर जायचं. कितीही वेळ लागला तरी, कोणीही बघत असलं तरी. आम्ही थांबू."

"मग हे शिकवायला मला हेच विमान लागेल," ताई म्हणाल्या. त्यांनी हातातले हातमोजे पोरीकडे दिले. "चल, बस आत. आणि दांडी ओढशील तर बघ."