तेविसाव्या दिवसाचं वरण

माणसाचं पहिलं उत्तर कधीच खरं न धरणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझ्या नशिबानं तो माझा पीएच.डी.चा गाईड होता. सकाळी नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत शिरताना सर विचारत, "कशी आहेस?" मी म्हणे, "बरी आहे, सर." दुपारी डबा उघडताना पुन्हा, "कशी आहेस?" आणि संध्याकाळी गॅस बंद करताना तिसऱ्यांदा, अगदी त्याच सुरात, जणू सकाळपासून आमची गाठच पडली नव्हती. सुरुवातीचे पंधरा दिवस मला वाटलं, बिचाऱ्यांना विसरायचा आजार आहे. मग एका संध्याकाळी तिसऱ्या विचारण्याला माझ्या तोंडून निघून गेलं की, सर, हॉस्टेलात झोप लागत नाही, बिलोलीची सारखी आठवण येते. त्यांनी समाधानानं मान हलवली. "पहिलं उत्तर सवयीचं असतंय. दुसरं भिडेचं. तिसरं आलं की लिहून घ्यावं." दुसऱ्या दिवशीपासून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, माझाही डबा पाठवू लागल्या.

सरांचा विषय होता पदार्थातले धातू ज्योतीत जाळून ओळखणं, आणि मग आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे संख्याशास्त्रानं ठरवणं. पहिलं काम यंत्र करी. सरांचा सगळा जीव दुसऱ्या कामात. आकड्यापुढे 'अधिक-उणे' लिहिलेलं नसलं की त्यांना तो उघडाबोडका वाटायचा. वय विचारलं तर म्हणत, "अठ्ठावन्न, अधिक-उणे एक." रेणापूरच्या शाळेत मास्तरांनी त्यांची जन्मतारीख अंदाजानं एक जून टाकली होती आणि ते त्यांना जन्मभर खुपत होतं. "आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनची," ते सांगत. "एका गावात एका दिवशी एवढी बाळंतपणं? सुइणीला घासभर खायला तरी सवड मिळाली असंल का?" हा प्रश्न त्यांनी एकदा सेवापुस्तक तपासायला आलेल्या साहेबांनाही तीनदा विचारला. साहेब स्वतः एक जूनचेच निघाले.

यंत्राला नमुना दाखवण्याआधी नुसतं शुद्ध पाणी दाखवायचं असतं. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. काहीच नसताना यंत्र काय बोलतं, ते आधी माहीत असावं म्हणून. सरांनी हा नियम जिभेलाही लावला होता. कोणताही पदार्थ चाखण्याआधी घोटभर पाणी. उदगीरला काकूंच्या भाच्याच्या लग्नात त्यांनी ताटातल्या प्रत्येक पदार्थाआधी असा घोट घेतला आणि जिलबी येईपर्यंत पोट पाण्यानंच भरलं. वाढपी आग्रह करून थकला. काकू कपाळाला हात लावून कानडीत काहीतरी म्हणाल्या. काकू मूळच्या उदगीरच्या. रागावल्या की कानडीत शिरत, म्हणजे किती रागावल्यात ते आम्हाला कळू नये.

लातूरला एकदा आम्ही सरांच्या एका मित्राचं घर शोधत होतो. सरांनी रीतीप्रमाणे तिघांना पत्ता विचारला. एक म्हणाला डावीकडं, दुसरा म्हणाला उजवीकडं, तिसऱ्यानं आमचं गाव, आडनाव, येण्याचं कारण असं सगळं काढून घेतलं आणि मग म्हणाला, आसंच सरळ जावा. "सरासरी सरळच येऊन राहिली," म्हणत सर निघाले आणि आम्ही एका डाळमिलच्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिलो. वर मलाच ऐकवलं, "बघितलंस? सरासरीच्या नादी लागू नये. ती कागदावर राहती, गावात न्हाई."

असा हा माणूस, त्याला बीपी निघालं. डॉक्टरांनी मीठ निम्मं करायला सांगितलं. काकू म्हणाल्या, निम्मं केलं. पण बीपी उतरेना. आता दुसऱ्या कुठल्याही घरात यावरून भांडण झालं असतं. सरांनी भांडण न करता प्रकल्प हाती घेतला. डब्यातल्या वरणाचा चमचाभर नमुना रोज बाटलीत काढायचा, आणि मी तो फ्लेम फोटोमीटरवर मोजायचा. मीठ म्हणजे सोडियम. ज्योतीत गेलं की ज्योत पिवळी होते, जितकी पिवळी तितकं मीठ. रविवारचं वरण सोमवारी येई. काकूंना हे कळायला तीनच दिवस लागले. "मोजा की," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताला मी काय भ्यावं? पण माय, यंत्राला चव कळती का, एवढं विचारून सांग मला." सरांनी आलेखाचा कागद थेट स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी चिकटवला. वर एक लाल रेघ, खाली एक लाल रेघ, मध्ये रोजचा ठिपका. दवाखान्यात खाटेला तापाचा कागद लावतात, तसा तो दिसे. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, "आमचं वरण आजारी हाय."

पंधरा-वीस दिवसांत काकू निर्दोष ठरल्या. मीठ खरोखरच निम्मं झालं होतं. खरा गुन्हेगार सरांच्या टेबलाच्या खालच्या खणात होता, खाऱ्या शेंगदाण्यांच्या रूपात, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं; पण गाईडविरुद्ध साक्ष देऊन कुणाचा प्रबंध पूर्ण झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. शेंगदाणे जप्त झाले. मोजणी मात्र चालूच राहिली, कारण महिना पूर्ण झाल्याशिवाय सर काही सोडत नसत.

तेविसाव्या दिवशी आकडा एकदम दुप्पट आला. मीठ मोजताना हे होतं; बोटाचा घाम लागला तरी ज्योत पिवळी होते. नियमानं मी सगळं पुन्हा करायला हवं होतं. पण पाचची बिलोलीची बस होती, एका रात्रीपुरतं घरी जायचं होतं. मी त्या आकड्यावर सरळ काट मारली, पुढे लिहिलं 'नमुना दूषित', आणि बस पकडली.

सर दर शनिवारी वही बघत. त्या शनिवारी त्या काटेपाशी त्यांचं बोट थांबलं. "कामून खोडलंस?"

"घाम लागला असेल, सर. बोटाचा."

"नमुने तीन फ्लास्कमध्ये वेगवेगळे केले होते न्हवं? तिन्ही आकडे सारखे दिसून राहिलेत. तिन्ही फ्लास्कला एकाच मापाचा घाम आला का गं तुला?"

ते रागावले नाहीत, हे जास्त वाईट होतं. आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "दुप्पट. अगदी दुप्पट. म्हणजे मीठ दोनदा पडलंय." मग जरा ओशाळून, "त्या दिवशी वरण लई छान लागलं होतं. मला वाटलं, तिला माझी दया आली. मी गप्प बसलो."

तीस वर्षं संसार केलेल्या बाईचा हात चुकत नसतो, असं पुटपुटत त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही घरी गेलो. काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. सरांनी विचारलं, "मंगळवारी मीठ दोनदा पडलं का?" काकू म्हणाल्या, "न्हाई बा." सर पाणी प्यायले, खुर्चीत बसले. मग पुन्हा तोच प्रश्न, त्याच सुरात. "पडलं असंल. वय झालं आता, ध्यानात राहत न्हाई." मी उठून चहा ठेवला. चहा झाला, कप खाली ठेवले, आणि सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. पण यावेळी मिठाचं नाव काढलं नाही. नुसतं म्हणाले, "काय झालंय?"

काकूंचा हात तांदळातच राहिला. छातीत गाठ लागत होती. आठ-दहा दिवस झाले होते. "तुमचं बीपी वाढंल म्हणून बोलले न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. सर तांदळाचं ताट बाजूला करून काकूंजवळ खाली बसले.

वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, उपचार झाले, काकू उठल्या, हिंडूफिरू लागल्या, पुढे कितीतरी वर्षं त्यांनी सरांना कानडीत रागावून घेतलं. सगळे म्हणाले, सरांनी बरोबर ओळखलं. त्या आकड्यावर मी मारलेली काट वहीत अजून आहे. सरांनी त्याबद्दल मला पुन्हा कधी एक शब्द विचारला नाही. आता हदगावच्या कॉलेजात मी शिकवते, आणि एखादी मुलगी विचित्र आकडा खोडायला निघाली की माझा आवाज वर्गाला नवल वाटावं इतका चढतो.

निवृत्तीनंतर सर आणि काकू लातूरला राहायला गेले. मागच्या वर्षी काकू गेल्या. तो आजार परत आला नव्हता. वयच झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी सरांना भेटायला गेले. दारातच विचारलं, "कसे आहात, सर?"

"मजेत."

घर नीटनेटकं होतं. स्वयंपाकघरात तोच आलेखाचा कागद, नांदेडहून काढून आणलेला, तेलानं पिवळा पडलेला. ठिपके सव्विसाव्या दिवशी थांबलेले. त्या शनिवारनंतर वरण मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं. कागदाखाली ओट्यावर एक छोटा तराजू होता आणि सर त्यावर मीठ तोलत होते. शेगडीवर वरण उकळत होतं. मी कोथिंबीर चिरायला घेतली आणि म्हटलं, "जमतंय ना सगळं? कसे आहात?"

"चाललंय की."

मी कोथिंबीर संपवली, विळी धुतली, पुसून ठेवली. मग त्यांच्याकडे न बघता तिसऱ्यांदा विचारलं.

सरांनी शेगडी बारीक केली. "वरण जमंना गं," सर म्हणाले. "तिची सरासरी काढलेली हाय माझ्याकडं. रोज तोलून तेवढंच घालतो. तिचं लागत न्हाई. काल वही काढून बघितली." त्यांनी तराजूचं पारडं बोटानं हळूच दाबलं. "सव्वीस दिवसांत तेवढं मीठ तिनं एक दिवससुद्धा घातलं नव्हतं."

मी तराजू उचलून फळीवर ठेवला, मिठाच्या बरणीत हात घातला आणि चिमूट आली तेवढी वरणात टाकली. मग उगाच आणखी थोडी.

"किती घातलंस?"

"नाही मोजलं, सर."

आम्ही जेवायला बसलो. सरांनी आधी घोटभर पाणी घेतलं, मग वरण चाखलं, डोळे मिटून जरा वेळ तसेच बसले.

"लई झालं गं मीठ," ते म्हणाले, आणि वाटी पुन्हा पुढे केली.