कापसामागची भिंत

"धरा डबी. आन् वाचा, किती आलं?"

टेपची डबी घरमालकाच्या हातात द्यायची, शून्याचं टोक स्वतः भिंतीच्या कोपऱ्यात दाबून धरायचं, आणि आकडा घरमालकाकडूनच वाचून घ्यायचा, अशी त्यांची पद्धत. "मी वाचलं तं उद्या तुमीच म्हणसान, बाबूनं वाढवून लिहलं."

ते आमच्या ग्रामपंचायतीचे कारकून. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात घरपट्टीची आकारणी ते करत. घर किती फूट आणि भिंत मातीची की पक्क्या विटांची, यावर कर ठरायचा. बाकी गावांत म्हणे हे काम चावडीत बसून, विचारून उरकत. आमचे बाबू दारोदार फिरत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना टेपवरच्या फुटांच्या खुणा बोटाने मोजायला लावत. एका घराला अर्धा दिवस जायचा. तुमच्या गावात असा माणूस असेल, तर माझा वैताग तुम्हाला वेगळा सांगायला नको.

शेजाऱ्यांच्या गोठ्यात त्यांना एकदा खाट दिसली. गोठा आणि खोली यांची नोंद वेगळी.

"इथं कोण झोपते?"

"आजा," शेजारी म्हणाला.

"आजा शेळीपाशी झोपते, का शेळी आज्यापाशी?"

शेजारी हसला. बाबू हसले नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आजोबा शेतातून येईपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले.

माझं काम त्यांच्याशी पडलं ते बारावीनंतर. यवतमाळच्या कॉलेजात नाव लागलं होतं, पण मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर कॉलेज नाही, हे घरात ठरलेलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अर्जाला घराचा उतारा जोडायचा होता. बाबा काकांपासून वेगळे निघाले, दोन खोल्या बांधल्या, पण पंचायतीच्या वहीत त्यांची नोंदच नव्हती. सोमवार अर्जाचा शेवटचा दिवस. बाबू मोजायला आले शनिवारी.

पुढची खोली झाली. मागच्या खोलीत दारापासून आढ्यापर्यंत कापूस. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून लोक जूनपर्यंत कापूस घरात ठेवून त्याच्याच शेजारी झोपत. आम्हा बहिणींच्या हातांवर खाजवून पुरळ उठलं होतं.

बाबा म्हणाले, "भाऊ, खोली म्याच बांधली. नव बाय दहा. लिवा."

"भिंत दिसू द्या."

"कापूस हाय ना."

"मंग काय कापूस लिहू?"

मला मोठ्या माणसांशी बोलताना शब्द सापडत नाहीत. तरी धीर करून मी म्हणाले, "काका, सोमवार शेवटचा दिवस आहे."

"तं मंग लवकर हात लावा," ते म्हणाले, आणि सदरा काढून खुंटीला अडकवला.

दोन तास आम्ही चादरीत भरभरून कापूस पुढच्या खोलीत ओतत होतो. बाबा तोंडातल्या तोंडात शिव्या देत होते. शेवटी मी डबी हातात धरून वाचलं. नऊ फूट. दहा फूट एक इंच.

"सांगतलं होतं ना म्या?" बाबा म्हणाले.

"एक इंच जास्त निघाला," बाबू म्हणाले आणि लिहून घेतलं.

मला रडू येत होतं, आणि नाकात कापसाची रुई गेल्यामुळे शिंकाही. तेवढ्यात त्यांनी किल्लीने मागची भिंत खरवडली. माती गळाली. पुढच्या भिंतीला बाबांनी सिमेंटचा गिलावा केला होता; मागची, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असलेली, कच्च्या विटांची राहिली होती. ती बाहेरून कोणालाच दिसत नसे.

"पक्कं लिवा," बाबा म्हणाले.

"कर जास्त लागंन."

"लागू द्या. पोरगी तो कागद घेऊन यवतमाळले जाऊन राह्यली. तिथं मातीचं घर कायले दाखवता?"

कर कमी लिहा म्हणून भांडणारे गावात पुष्कळ होते. वाढवा म्हणणारे बाबाच पहिले असावेत. बाबूंनी किल्लीला लागलेली माती पुसली.

"भाऊ, उद्या कोणी पाहाले आलं तं पोरगीच खोटी पडंन," ते म्हणाले आणि 'मातीचे' लिहिलं.

बाबा त्यांना चहासुद्धा न विचारता आत गेले.

रविवारी दुपारी बाबू उतारा घेऊन दारात. सचिवांची सही घ्यायला सायकलने त्यांच्या गावी जाऊन आले होते. मानेवर अजून खाजवल्याचे ओरखडे. "वाचून पाहा. चूक असंन तं आत्ताच सांग." बाबा समोरच बसले होते. मला मोठ्याने वाचवलं नाही. "बरोबर आहे," एवढंच मी म्हणाले.

वसतिगृहाच्या बाईंनी शिक्का पाहिला, उतारा अर्जाला टाचला. एक ओळही वाचली नाही. जागा मिळाली. आनंद व्हायला हवा होता. मला तो दोन तासांचा कापूस आठवून संताप आला.

मी शेवटच्या वर्षाला असताना बाबू वारले. परीक्षा होती, मला जाता आलं नाही.

यंदा धाकट्या बहिणीला उतारा लागला. मधल्या काळात बाबांनी मागची भिंत पाडून पक्क्या विटांची बांधली. नोंद बदला म्हणून ते दोनदा पंचायतीत गेले. बाबूंच्या जागी आलेला नवा मुलगा भला आहे. म्हणाला, "काका, कायले कर वाढवून घेता? आहे ते राहू द्या." आणि जुनाच उतारा छापून दिला. मातीचे.

त्या नव्या भिंतीला लागून बाबा काहीच ठेवू देत नाहीत. पोती नाहीत, खाट नाही. आईने परवा पेटी सरकवली, ती त्यांनी ओढून मध्ये आणली.

"कोणी पाहाले आलं तं?" ते म्हणाले.