आमच्या दारापुढचा बाजा

बायको गेली त्याला अजून महिना व्हायचा होता. शेजारच्या आबांच्या नातवाचं लग्न आधीच ठरलेलं, मुलगी इंदापूरकडची. आबांचं नि आमचं घर मध्ये एकच भिंत ठेवून उभं. त्यांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आमच्या घरात भिंतीला क्रूस.

एका सकाळी आबा ओट्यावर येऊन बसले. "तात्या, बाजा रद्द केला."

"का? बाजेवाला पळून गेला?"

"शेजारी दुखवट्याचं घर. पिपाण्या कशा वाजवायच्या?"

मी तोंडाचा फाटका माणूस. म्हणालो, "आबा, बायको माझी गेली नि सुतक तुमी धरताय? आमच्यात सुतक नसतं. ती देवाजवळ सुखात हाय. वाजवा."

हे मी माझ्या मनचं बोलत नव्हतो. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तिनं मला बजावलं होतं, "पोराच्या लग्नात बाजा वाजला पायजे. माझ्यापायी कुणी तोंडं पाडून बसायचं न्हाय." शेजारच्या त्या पोराला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. आता ते एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात जातं, तरी ही रोज गाडीमागं ओरडायची, "हेल्मेट घाल, मेल्या!" जाताना तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं होतं. तेही माझ्या हातून झालं नाही तर तिला पुढं भेटल्यावर काय सांगणार होतो?

दोन दिवस आमची हुज्जत चालली. शेवटी आबा म्हणाले, "बरं, वाजवतो. पण तुमच्या घरापुढं बंद."

"म्हणजे सगळ्या गावाला ऐकवायचा नि तिचंच दार तेवढं वगळायचं? हे तर त्याहून वाईट!"

तेव्हा आबांनी बोंबलाचा विषय काढला.

त्याचं आधी सांगतो. मला सुका बोंबील फार आवडतो. चुलीत खरपूस भाजलेला, संगं भाकरी. पण ही लग्न होऊन आली नि घरात बोंबील बंद झाला, कारण भिंतीपलीकडं वास जातो. आम्ही बारामतीला प्रार्थनेला जायचो. तिथं पाळकांनी एकदा सांगितलं की खाण्यापिण्यानं माणूस बाटत नाही, ख्रिस्तानं आपल्याला मोकळं केलंय. मी घरी आल्या आल्या तेच तिला ऐकवलं.

ती म्हणाली, "पुढचं ऐकलंत का? आपल्या खाण्याचा दुसऱ्याला त्रास होत असंल तर मायेपोटी सोडून द्या, असंबी म्हणाले."

पुढचं मला कुठलं ऐकू येणार? तोवर मला डुलकी लागलेली.

"तुमाला खायची मोकळीक हाय," ती म्हणाली, "पण त्यास्नी वास घ्यायची सक्ती न्हाय."

तेव्हापासून बोंबील खायचा झाला की ती पदराखाली पुडी घेऊन रानात यायची. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं, उसाच्या आडोशाला, तीन दगड मांडून भाजायची. मी तिथंच खायचं, हात मातीनं घासायचे, मग घरी. तीस वर्षं मी माझ्याच रानात चोरासारखा जेवलो. मी म्हणायचो, "तुझ्या देवानं मला मोकळं केलं नि तू मला उसात धाडलंस." ती हसायची आणि काटे काढून द्यायची.

तर आबा म्हणाले, "मोटारीच्या खोलीमागनं कसला वास यायचा ते आमाला ठावं न्हाय व्हय? वारा काय तुमच्या सांगण्यात हाय?"

मी चाट पडलो. "मग तीस वर्षं बोलला का न्हाय?"

"बोललो असतो तर वहिनींनी तेबी सोडलं असतं. मग तुमी आमाला शिव्या दिल्या असत्या. त्यापरीस नाक दाबलेलं बरं." मग म्हणाले, "त्यांनी आमच्यापायी तीस वर्षं चूल आवरली. आमी चार पावलं बाजा आवरला तर तुमच्या का पोटात दुखतं?"

दुसऱ्यासाठी आपलं सोडायचं, हे तिच्याकडं बघून थोडंफार शिकलो होतो. दुसरा आपल्यासाठी सोडतोय ते मुकाट्यानं घ्यायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असेलही. तेव्हाही डुलकी लागली असेल.

तरी मनातून हटलो नव्हतो. लग्नादिवशी मिरवणूक मारुतीला निघाली, तेव्हा दारात उभा राहिलो. जवळ आले की ओरडायचं, वाजवा रे!

आमच्या लिंबापाशी येऊन बाजा थांबला. नुसता चपलांचा आवाज. बाजेवाल्यानं पिपाणी काखेत धरलेली. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि उंबऱ्याशी, ती जिथं तांदूळ निवडत बसायची, तिथं त्यानं डोकं टेकलं. आबांनी टोपी काढून हातात घेतली. तिला पुरायच्या दिवशी आबा कबरस्तानाच्या फाटकाशीच थांबले होते, आत कुठं उभं राहावं हे न कळून. त्यांचं रडायचं राहून गेलं होतं. ते आता माझ्या दारात चाललं होतं.

तोंडाशी आलेलं 'वाजवा' मी गिळलं.

पण तिला दिलेला शब्द होताच. मी चपला घातल्या, नवरदेवाचा हात धरला नि चालू लागलो. सगळे गप माझ्यामागं. आमची भिंत संपली, हातपंप मागं पडला, तसा मी बाजेवाल्याकडं वळलो.

"घर मागं राहिलं. आता वाजव. जोरात वाजव, पार माझ्या दारापर्यंत ऐकू गेलं पायजे."

त्यानं असा वाजवला की घोडं बुजलं. आबा डोळे पुसत माझ्या कानाशी ओरडले, "तात्या, आता नाचा की!"

"तुमच्या सुतकात?" मी म्हणालो, आणि दोन्ही हात वर केले.