आबांचा लांबचा रस्ता

आमच्या आबांच्या पायाला भिंगरी होती. सावद्यात शालिग्राम आबा भेटले की लोक आधी गाडीची ख्यालीखुशाली विचारत, केळीची मागाहून. जेवतानाही किल्ली डाव्या हातात. पस्तीस वर्षांत सात गाड्या झाल्या आणि शेवटच्या जुन्या हिरव्या जीपवर तर त्यांचा जीवच. पान्यांच्या पेटीत शेव-मुरमुऱ्यांचा डबा, मागे आम्ही भावंडं कोंबलेली. कुठे जायचं ते गाव सुटल्यावर ठरायचं.

मला शिंदखेड्यात दिली, तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुऱ्हाळी म्हणून तेच यायचे. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. आपली आपण निघाली तर शेजारणी वर्षभर पुरवून बोलतात. येताना आबा चोपडा-अमळनेरवरून साडेतीन तासांत हजर. नेताना मात्र त्यांची बुद्धी फिरायची. एकदा शिरपूरहून सातपुडा चढून मध्य प्रदेशात शिरले आणि बऱ्हाणपूरला वळसा घालून रावेरला उतरले. सावद्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली, मैत्रिणी झोके खेळून घरी गेलेल्या. मी दोन दिवस आबांशी बोलले नाही.

गेल्या आखाजीला माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, आबा, या खेपेला सरळ न्या. त्यांनी सरळ नेलं. मी रस्ताभर झोपले होते. पुढे श्रावणात आबा गेले.

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर पुजतात. यंदा आबांची पहिली घागर भरायची होती, आणि मला न्यायला कोण येणार ते ठरत नव्हतं. धाकट्या भावाचं, हितेंद्रचं, जळगावात औषधांचं दुकान. त्याला गाडी इतकी लागते की लग्नाच्या वरातीतही तो पायी चालला. त्यानं फोनवर सांगितलं, मोहूताई, बसनं ये ना. मी फोनच ठेवून दिला. आमचे हे, योगराज, म्हणाले, मी सोडतो. मी म्हटलं, सासरच्यांनी पोचवलं तर ते माहेर कसलं? आबांबरोबर माझं माहेरही गेलं का, एवढंच मला कळायला हवं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळपासून पिशवी भरून दारात ठेवली. अंगण दोनदा झाडलं, दूध उतू घालवलं. गाडीचा आवाज आला की दाराशी, गाडी पुढे गेली की आत. सासूबाई म्हणाल्या, बस गं एका जागी. बसवेना.

तीन वाजता हॉर्न वाजला, घसा बसलेला, आबांच्या जीपचाच. स्टिअरिंगवर हितेंद्र, मुठीत लिंबू, तोंड पिवळं पडलेलं. शेजारी आई. सकाळी सातला सावद्याहून निघालेली ही दोघं आता उगवत होती. मी भडकलेच, साडेतीन तासांच्या रस्त्याला आठ तास? हितेंद्रनं आईकडे बोट दाखवलं. ती त्याला उलट्या दिशेनं बोदवडला घेऊन गेली होती, तिथून जळगाव, मग धुळे.

पिशवी टाकून मी मागे बसले. जीप निघाली तरी माझी धुसफूस चालूच. आबांनी वळसा घेतला की जन्मभर कटकट करणारी तूच ना, असं मी तिला ऐकवलं. आईनं मागे पाहिलं नाही.

"म्याबी विचारलं होतं त्याहिले," ती म्हणाली. "कायले गरगर फिरवता पोरीले? तं म्हणे, घरी पोचली का मोहू झोक्यावर जाते, पोरींमधी. मले तं पोर गाडीतच भेटते."

मला एकदम रडू फुटलं. गेल्या वर्षी साडेतीन तास होते आणि मी ते झोपून काढले.

गावाबाहेरच्या फाट्यावर हितेंद्रनं गाडी हळू केली. अमळनेरचा रस्ता समोर होता. सरळ घेऊ का, असं त्यानं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "शिरपूरकडून घे."

त्यानं लिंबू दातांत धरलं आणि जीप वळवली.